नऊ पिना आणि पाखऱ्याची झूल

आमच्या घरातला संगणक मी मारला, आणि तोही त्याच्या काळजीपोटी.

कुसगावात पावसाळा आकाशातून येतो आणि नंतर चार महिने भिंतींत राहतो. कपड्यांना कोंदट वास येतो, पुस्तकांच्या कडांवर बुरशीची बारीक लव उगवते, काड्यापेटीची काडी तीनदा ओढल्याशिवाय पेटत नाही. गेल्या श्रावणात मी संगणकाचा कॅबिनेट उघडला, तेव्हा आतल्या पत्र्याला बोट लावले तर बोट ओले झाले. मग आमच्याकडे सगळे जे करतात तेच मी केले. मिठाच्या बरणीत, चष्म्याच्या पेटीत, भिजलेल्या मोबाइलभोवती आम्ही तांदूळ ठेवतो. मी सुती फडक्यात पसाभर तांदूळ बांधून ती पुरचुंडी कॅबिनेटच्या तळाशी ठेवली. चूक एवढीच झाली, की घरातले तांदूळ इंद्रायणीचे होते, मामाच्या खाचरातले, गेल्या हंगामाचे. त्यांचा वास मला दरवळ वाटला. उंदराला ते आमंत्रण वाटले.

तो मागच्या बाजूच्या उघड्या फटीतून आत शिरला असावा. किती दिवस राहिला, कुणास ठाऊक. फाल्गुनातल्या एका दुपारी आई काम करत असताना आतून चटकन आवाज झाला, पडदा काळा पडला, आणि खोलीत जळक्या प्लास्टिकचा व भाताचा असा एक मिश्र वास पसरला, जो मी जन्मभर विसरणार नाही. झाकण काढले, तर फडके कुरतडलेले होते आणि मदरबोर्डवर, बरोबर मध्यभागी, उंदराच्या मुताचा पिवळट डाग वाळला होता. त्याच्या कडेने तांब्याच्या रेघा हिरव्या पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कार्ल्याहून गेणू आबा आले; त्यांच्या बैलाची झूल आई करणार होती. त्यांनी ती पुरचुंडी हातात घेऊन हुंगली आणि माझ्याकडे पाहिले.

"इंद्रायणी ठिवलीस व्हय रं?"

मी मान हलवली.

"मंग वर तुपाची धार न्हाई सोडलीस? पाव्हणा उपाशी गेला असंल त्यो."

आई हसली नाही. त्यावरून मला प्रकरणाचे गांभीर्य कळले.

आईचे, म्हणजे हिराबाईंचे, एम्ब्रॉयडरीचे यंत्र आमच्या पडवीत आहे. बंद पडलेल्या एका कारखान्यातून ते जुने यंत्र तिने आणले, तेव्हा मी शाळेत होतो. ते स्वतः काहीच लक्षात ठेवत नाही. संगणक एका जाड वायरीतून त्याला टाका-टाका सांगतो आणि ते सुई चालवते. ती वायर संगणकाच्या मागे नऊ टाचण्यांच्या, म्हणजे पिनांच्या, एका चपट्या खाचेत बसते. त्या खाचेला कॉम पोर्ट म्हणतात. पूर्वी ती प्रत्येक संगणकाला असे. आता ती मिळेनाशी झाली आहे.

या यंत्रावर आईने सर्वांत आधी जे काम केले, ते गेणू आबांच्या बैलाचे. पाखऱ्या तेव्हा चारदाती, म्हणजे ऐन उमेदीत, होता आणि पहिल्यांदा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, उतरणार होता. त्याच्या झुलीसाठी आईने भाताच्या लोंब्यांची किनार काढली. ज्या बाईने आयुष्यात कधी माउस धरला नव्हता, तिने एक अख्खा पावसाळा पडद्यासमोर बसून एकेक टाका मांडला. प्रत्येक लोंबी थोडी वेगळी वाकलेली, जणू वारा एकाच दिशेने पण एकाच जोराने वाहत नाही. त्यानंतर अकरा वर्षे आसपासच्या गावांतले बैल आईच्या झुली अंगावर घेऊन मिरवले. परंतु लोंब्यांची किनार तिने दुसऱ्या कुणाला दिली नाही.

आता पाखऱ्या थकला होता. भैरवनाथाच्या जत्रेत तो धावणार नव्हता. फक्त मिरवणुकीच्या पुढे चालणार होता आणि त्यानंतर गोठ्यात विसावणार होता.

"झूल नवी कर, पर किनार तीच पायजे," आबांनी आईला महिन्यापूर्वीच सांगितले होते. "त्याच किनारीत उतरला हुता, त्याच किनारीत निगंल."

जत्रा अकरा दिवसांवर होती. किनार संगणकाच्या डिस्कवर सुखरूप होती. पण ती यंत्रापर्यंत पोहोचवणारा रस्ताच खचला होता.

त्या संध्याकाळी आईने यंत्रावर जुने लुगडे पांघरले आणि त्याची टोके चहूबाजूंनी नीट खोचली. "आबांना सांगते, बाजारातनं छापील झूल आणा म्हणून," ती म्हणाली. "आन् हे... जत्रा झाल्यावर भंगारवाल्याला इचार. जागा तरी मोकळी हुईल." बोलणे मला कधी जमतच नाही. मी लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या मागच्या खोलीत बुकिंगच्या नोंदी पाहतो. ती नोकरी मी स्वीकारली, कारण तिथे पाहुण्यांशी बोलावे लागत नाही.

"मला रविवारपर्यंत वेळ दे," एवढेच मी म्हणालो.

त्यानंतरच्या संध्याकाळी मी मदरबोर्ड निवडण्यात घालवल्या. ज्यांनी हे काम केलेले नाही, त्यांना ते कोरडे वाटेल; मला ते एखाद्या अनोळखी गावाचा नकाशा वाचण्यासारखे वाटले. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर बाकी सर्व वस्तू बसतात ती हिरवी-काळी पाटी. ती बदलली की प्रोसेसर बदलावा लागतो, कारण त्याची बैठक दर काही वर्षांनी बदलते. रॅम बदलावी लागते, कारण तिची खाच सरकते.

मार्ग अनेक होते आणि प्रत्येकाच्या टोकाशी एक भिंत होती. आमच्याच जातीचा जुना, वापरलेला बोर्ड मिळत होता; पण त्याच्या छायाचित्रातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या, डोक्यावर फुगलेले दिसत होते, आणि मेलेल्याच्या जागी मरणोन्मुख आणून बसवण्यात मला अर्थ वाटेना. यूएसबीतून कॉम पोर्ट करून देणारी छोटी वायर मिळते; ती मी हॉटेलच्या लॅपटॉपला जोडून पाहिली. यंत्राने चाळीस टाके घातले, लोंबीच्या मध्यावर थबकले, आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा बोटभर सरकून. कापडावर कणीस मोडल्यासारखे दिसले. आईने तो तुकडा घडी करून ठेवला.

तिसऱ्या संध्याकाळी एका अगदी साध्या, स्वस्त, कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या बोर्डची माहितीपुस्तिका मी वाचत होतो. मागच्या बाजूच्या खाचांच्या यादीत कॉम पोर्ट नव्हता. पण तेविसाव्या पानावर बोर्डची आकृती होती, आणि तिच्या खालच्या कडेला, डाव्या कोपऱ्याजवळ, तांदळाच्या चार दाण्यांएवढा एक आयत. त्याच्याजवळ अतिशय बारीक अक्षरांत तीन अक्षरे: COM. त्या खाचेचे बाहेरचे तोंड काढून टाकले होते. मूळ मात्र बोर्डवर शिल्लक ठेवले होते.

मी ते पान कितीतरी वेळ पाहत राहिलो. जे मागे, दर्शनी बाजूला, नसते ते आत कुठेतरी असू शकते, या गोष्टीचा मला झालेला आनंद त्या बोर्डपुरताच नव्हता.

मात्र आणखी एक अडचण निघाली. त्याच नावाचा बोर्ड दोन आवृत्त्यांत निघाला होता. दुसऱ्या आवृत्तीतून तो छोटा आयत वगळला होता. नाव तेच, खोके तेच, चित्र तेच. फरक फक्त खोक्याच्या बाजूच्या चिकटपट्टीवरच्या एका आकड्यात.

रविवारी सकाळी मी लोकलने तळेगावला निघालो. गेणू आबांना पाखऱ्यासाठी गोंडे आणि घुंगरमाळ घ्यायची होती, म्हणून ते मळवलीला माझ्या डब्यात चढले. त्यांना मी सगळे सांगितले. ते लक्षपूर्वक ऐकत होते, जसे ते पावसाचा अंदाज ऐकतात: विश्वास न ठेवता, पण आदराने.

"म्हंजी बैल घेन्यावानीच हाय की," कामशेत गेल्यावर ते म्हणाले. "इकणारा शिंगं दावतो. शिंगाला रंग, गळ्यात माळ. आपुन त्याच्याकडं बगायचंच न्हाई. आपुन खाली वाकायचं. खूर बगायचं, दात मोजायचं. आन् एक ध्यानात ठिव, वाकायची लाज वाटली त्यो फसला."

गोपाळकृष्ण काकांचे संगणकाचे दुकान स्टेशनपासून फार लांब नाही. साठीचे, नीटनेटके गृहस्थ. काचेच्या काउंटरवर एक धुळीचा कण दिसणार नाही. मी काय बोलायचे ते चिठ्ठीवर लिहून आणले होते. किराणा दुकानात यादी देतात तशी मी ती पुढे केली. दुर्दैवाने त्यांनी ती मोठ्याने वाचली. दुकानातल्या दोघांनी वळून पाहिले आणि माझे कान तापले.

"हा बोर्ड?" काका म्हणाले. "अहो, हा बँकांमध्ये टाकतात. तुमच्या वयाची मुलं हा घेत नाहीत. हा बघा." त्यांनी एक जोडून ठेवलेला बोर्ड चालू केला. त्याच्या कडांतून जांभळा, निळा, हिरवा प्रकाश लाटांसारखा फिरू लागला.

आबा वाकून पाहू लागले. "ह्यो दिवाळीपुरता, का बारा म्हैने असाच लुकलुकतो?"

"बारा महिने, आबा."

"मंग ह्याच्या उजेडात माणूस झोपतो कवा?"

काका हसले. मी खालमानेने म्हणालो, "मला कॉम पोर्ट हवा आहे."

"कॉम पोर्ट?" त्यांचा स्वर मृदू झाला, आजारी माणसाशी बोलतात तसा. "तो गेला हो. वायर घ्या यूएसबीची, काम होईल."

"वायर घेऊन पाहिली. टाके सरकतात. या बोर्डवर पोर्ट आहे. मागे नाही, आत आहे."

"खोक्यावर कुठं लिहिलंय?"

खोक्यावर कुठेच लिहिलेले नव्हते.

"उगडून दावा की," आबांनी तोंड घातले. "दात न दावता बैल इकता व्हय तुमी?"

"आबा, हा बैल सीलबंद येतो. सील तुटलं की कंपनी माझ्याकडून परत घेत नाही आणि मी तुमच्याकडून. ह्यांना हवं ते आत निघालं नाही, तर मी काय करू?"

हे न्याय्य होते. त्यांच्या जागी मीही हेच म्हटले असते, किंबहुना एवढेही म्हटले नसते. काकांनी फळीवरून खोके काढून समोर ठेवले. नवेकोरे, कडा धारदार. मी वाकलो. बाजूच्या चिकटपट्टीवर दुसऱ्या आवृत्तीचा आकडा होता.

"हा नाही," मी म्हणालो.

"हाच आहे. नाव वाचा."

"नाव हेच आहे. पण आवृत्ती दुसरी आहे. याची पहिली आवृत्ती असेल तर दाखवा."

मला स्वतःचाच आवाज परका वाटला. काका स्टुलावर चढले आणि सगळ्यात वरच्या फळीच्या मागून त्यांनी दुसरे खोके काढले. त्यावर धूळ होती, एक कोपरा चेपला होता. त्यांनी ते फडक्याने पुसले, आणि मग मला खरेच कळवळून म्हणाले, "हा जुना स्टॉक आहे. दीड वर्ष पडून आहे. लोक जुन्यातून नव्याकडे जातात. तुम्ही उलटं का करताय? आणि हे सील तुटलं, तर..."

मी चिकटपट्टी वाचली. आकडा बरोबर होता. तरी माझ्याकडे पुरावा काय होता? तेविसाव्या पानावरची एक आकृती आणि कुठल्याशा अनोळखी माणसाने इंटरनेटवर लिहिलेल्या दोन ओळी. घरी पडवीत एक यंत्र लुगडे पांघरून बसले होते. मी चुकलो असतो, तर ते लुगडे पुन्हा निघाले नसते.

आयुष्यात प्रथमच असे झाले, की मी वाक्य आधी मनात लिहून काढले नाही.

"सील तुम्ही तोडू नका," मी म्हणालो. "मी तोडतो. आत काहीही निघालं, तरी बोर्ड माझा."

आबांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि ते काउंटरपासून एक पाऊल मागे सरकले. घाटात बैल सोडायच्या वेळी माणसे मागे सरतात तसे.

मी नखाने सील फाडले. खोके, पुठ्ठा, चंदेरी पिशवी. बोर्ड दोन्ही कडांनी धरून बाहेर काढला आणि खालच्या डाव्या कोपऱ्याकडे वळवला. तिथे, तांदळाच्या चार दाण्यांएवढ्या जागेत, दोन ओळींत, सोनेरी टाचण्या उभ्या होत्या.

"मोज," आबा कुजबुजले. मग त्यांनीच मोजल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "पाच आन्... चार. आरं, एक दात पडलाय ह्याचा!"

"पडला नाही, आबा. तो मुद्दामच नसतो. वायर उलटी बसू नये म्हणून."

गोपाळकृष्ण काकांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग आणले आणि बराच वेळ त्या कोपऱ्यावर धरले. "अठ्ठावीस वर्षं हा धंदा करतोय," ते शेवटी म्हणाले. "हे किती बोर्ड मी माझ्या हातानं बसवले असतील. कधी वाकून बघितलं नाही." त्यांनी भिंग खाली ठेवले. "बसा. चहा सांगतो. आणि ते तेविसावं पान मला पाठवून ठेवा. महिन्यातून दोघे तरी येतात, वजनकाट्याला म्हणून, कसल्या मशीनला म्हणून. मी त्यांना परत पाठवतो."

दुकानाच्या पायरीवर आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती बैलाला मारतात त्या जोराची होती.

दुपारी मी पडवीतच जमिनीवर चटई टाकून बसलो. नवा बोर्ड बसवला, त्याच्याबरोबर घेतलेला प्रोसेसर, रॅम, आणि जुनी डिस्क. कॅबिनेटच्या मागची उघडी फट आधी पत्र्याने बंद केली. जुन्या संगणकातून काढलेली नऊ टाचण्यांची खाच तिच्या रंगीत वायरींसह त्या छोट्या आयतावर बसवली. रिकाम्या दाताच्या जागी रिकामी जागा आली. बटण दाबले. नवा बोर्ड आणि जुनी डिस्क एकमेकांना ओळखायला पाऊण तास लागला. मग पडद्यावर लोंब्या आल्या.

आईने लुगडे काढले. मी यंत्राला आज्ञा दिली.

यंत्र हलले नाही.

पुन्हा दिली. नाही. आईने लुगड्याची घडी उचलली आणि तिचा हात यंत्राकडे वळला.

"थांब," मी म्हणालो. पुस्तिकेच्या त्याच पानाच्या तळाशी एक तक्ता होता, जो मी वाचला होता पण समजून घेतला नव्हता. या नऊ टाचण्यांना वायरी कोणत्या क्रमाने लावायच्या, ते प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने ठरवते. जुन्या बोर्डचा क्रम वेगळा होता. वायरी बरोबर होत्या; त्यांच्या जागा चुकल्या होत्या.

प्रत्येक वायर प्लगच्या लहानशा भोकात एका प्लास्टिकच्या जिभेने अडकलेली असते. ती जीभ उचलली की वायर सुटते. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. त्याचे टोक जाड होते; जीभ उचलेना.

"सरक जरा," आई म्हणाली. तिने पोलक्याला खोचलेली सुई काढली, प्लग उजेडाकडे धरला आणि जीभ अलगद उचलली. वायर निघून तिच्या तळहातावर आली. "दोराच तर हाय. रंग सांग, घर सांग."

"तांबडी, दुसऱ्या घरात."

"दुसरं म्हणजे वरच्या ओळीतलं का खालच्या?"

"खालच्या."

"पिवळी?"

"पिवळी तिसऱ्या."

अकरा वर्षे ती हा संगणक हात जोडल्यासारखा वापरत होती. तो माझा प्रांत आहे असे आम्ही दोघांनीही मानले होते. त्या दुपारी तिने त्याच्या नऊ शिरा सुईने ओवल्या आणि एकही चुकवली नाही.

मी पुन्हा आज्ञा दिली. यंत्राची चौकट आधी डावीकडे सरकली, मग उजवीकडे, झोपेतून उठलेला माणूस मान मोडतो तशी. सुई खाली आली. एक टाका. दहा. चाळीस. चाळिसाव्यावर आम्ही दोघेही पुढे वाकलो. एक्केचाळीस. पहिली लोंबी वाकली, दुसरी तिच्याहून जरा कमी वाकली, आणि यंत्राचा तो एकसुरी खडखडाट पडवीभर पसरला. आईने घडी घातलेले लुगडे उचलले आणि आत नेऊन ट्रंकेत ठेवले.

जत्रेच्या सकाळी ढोल सुरू झाले, तेव्हा मी गर्दीच्या मागे, करवंदीच्या जाळीजवळ उभा होतो. मला तिथूनच बरे दिसते. पाखऱ्या पुढे चालत होता. संथ, शिंगांना नवे गोंडे, अंगावर गर्द निळी झूल आणि तिच्या चारी बाजूंनी सोनेरी लोंब्या. मैदानाच्या टोकाला आबांनी निवेदकाच्या हातातला माइक जवळजवळ हिसकावला. "ही झूल कुसगावच्या हिराबाईची!" त्यांचा आवाज डोंगरावर आपटून परत आला. "यंत्र तिचं, किनार तिची! आन् कळ फिरवली तिच्या लेकानं! कुटं हाय त्यो? लपला आसंल!"

लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. मी खरेच लपलो होतो. आईने मात्र मला शोधून काढले आणि मनगटाला धरून पाखऱ्याजवळ नेले. मी त्याच्या वशिंडावर हात ठेवला. त्याने कान हलवला. इतकी माणसे माझ्याकडे पाहत असताना मी प्रथमच मान खाली घातली, ती लाजेने नव्हे. आई झुलीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होती म्हणून.

लोंब्यांची किनार जिथे वळते, तिथे तिने एक नवी नक्षी घातली होती. ती जुन्या डिस्कवर नव्हती; नव्या बोर्डवर तिने मांडलेले ते पहिले नवे काम होते, आणि मी हॉटेलात असताना तिने ते केले असावे. तांदळाच्या चार दाण्यांएवढ्या जागेत सोनेरी दोऱ्याचे बारीक ठिपके. वरच्या ओळीत पाच, खालच्या ओळीत चार.